दोन भाऊ, एक मोहीम आणि फाट्यानंतर अडलेली कादंबरी

रानवाट

कल्पनारम्य मोहिमेची मोठी गोष्ट लिहितेय. निम्म्याच्या पुढे गेली आणि अडली. थोडं सविस्तर सांगते, कारण गोष्ट माहीत नसेल तर सल्ला देणार कसा.

असिता नावाची नदी आहे. तिच्या काठच्या लोकांना चिता माहीत नाही, थडगं माहीत नाही. मेलेला माणूस तिन्हीसांजेला आपण होऊन उठतो, घाटावर येतो, नावेत बसतो. नावाडी त्याला मधल्या धारेपर्यंत सोडून येतो, पुढचं नदी बघते. एक दिवस नदी थांबते. आटत नाही. पाणी काठोकाठ असतं, पण त्याला ओढ नसते, पान टाकलं तर ते तिथल्या तिथे. मग मेलेली माणसं काठावर साचायला लागतात. ती कुणाला काही करत नाहीत, नुसती बसून असतात. पण त्यांच्या आसपास दूध नासतं, पेरलेलं उगवत नाही, तान्ही पोरं झोपत नाहीत.

नावाड्याचे दोन मुलगे, थोरला दारुक आणि धाकटा नीप. नदी थांबल्यावर काही दिवसांतच नावाडी मरतो आणि तोही इतरांच्या रांगेत जाऊन बसतो. उगमापाशी एक शिळा सरकून आडवी आली आहे असं कळतं, ती हलवायला दोघं निघतात. निघताना बापाचं वल्हं मधोमध चिरून एकेक अर्धुकं बरोबर घेतात. दुभाणच्या फाट्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. दारुक कड्याच्या वाटेनं जातो, नीप डोंगराच्या पोटातल्या भुयारानं. तिथून मी एक प्रकरण दारुकचं, एक नीपचं असं लिहीत गेले. भुयारात नीपला काळनाथ नावाचा मांत्रिक भेटतो, सत्तेची लालूच दाखवतो, नीप हळूहळू त्याच्या कह्यात जातो. शेवटी उगमापाशी भाऊ समोरासमोर.

ज्यांना वाचायला दिलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: नीपची प्रकरणं आली की आम्ही भराभर पानं उलटतो, दारुककडे कधी जातो असं होतं. मला याचं फार वाईट वाटतंय, कारण दोघांत माझा जीव नीपवर जास्त आहे. मला हा पोरगा वाचकांच्या हातून असा निसटू द्यायचा नाहीये. काय बदलू? काळनाथ, प्रकरणांचा क्रम, की फाटाच? शेवटी दोघं समोरासमोर यायलाच हवेत, तेवढं सोडून काहीही बदलायची तयारी आहे.

काजवा

एक विचारू? फाट्यावर भांडण कशावरून होतं? तू इतकं सगळं लिहिलंस, पण तिथे फक्त "वाटा वेगळ्या होतात" एवढंच आहे.

रानवाट

भांडण होत नाही. दोन वाटांनी गेलो तर शिळा लवकर सापडेल असं दोघं मिळून ठरवतात. बिघडतं ते नंतर, काळनाथ भेटल्यावर.

गोष्टीवेल्हाळ

मग दुखणं फाट्यावरच आहे. काळनाथाकडे नंतर येतो, आधी वाली-सुग्रीवांबद्दल बोलू द्या. भावांची फारकत कशी मांडावी याचा त्याहून चोख नमुना मला माहीत नाही, आणि आपल्यातले बरेच जण ती गोष्ट लहानपणी ऐकून "वाली दुष्ट, सुग्रीव चांगला" एवढ्यावर मिटवून टाकतात.

वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात काय आहे ते बघा. मायावी नावाचा असुर रात्री किष्किंधेच्या दाराशी येऊन वालीला ललकारतो. वाली धावत सुटतो, त्याच्यामागे सुग्रीव. असुर गवतानं झाकलेल्या एका बिळात शिरतो. वाली भावाला सांगतो, मी येईपर्यंत तू तोंडाशी थांब. सुग्रीव थांबतो. वर्ष उलटून जातं. मग आतून फेसाळलेलं रक्त वाहत येतं. असुरांच्या आरोळ्या ऐकू येतात, भावाचा आवाज येत नाही. सुग्रीव भलीमोठी धोंड लावून बीळ बंद करतो, भावाला उदक देतो आणि परत येतो. मंत्री त्याला गादीवर बसवतात.

आता आतली बाजू. वालीला शत्रू सापडायलाच वर्ष लागलेलं आहे. तो त्याला मारतो, बाहेर यायला बघतो तर वाट बंद. "सुग्रीवा, सुग्रीवा" अशा हाका मारतो, उत्तर नाही. लाथा मारमारून धोंड फोडतो, घरी पोचतो, तर भाऊ सिंहासनावर.

दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. बिळातल्याला बाहेरचं दिसलं नाही, बाहेरच्याला आतलं. आणि गंमत बघा, ही हकीकत रामाला सांगतो सुग्रीव. वालीचं म्हणणंसुद्धा आपल्यापर्यंत सुग्रीवाच्याच तोंडून येतं. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तोच फिर्यादीची बाजूही सांगतोय. एवढ्या एका गोष्टीवर मी कितीतरी संध्याकाळी मित्रांशी वाद घातले आहेत.

माझं म्हणणं असं की भाऊ तुटतात ते एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं म्हणून. लालूच हे फार कच्चं कारण आहे. काळनाथानं सत्तेचं नाव काढलं त्या पानावर वाचकाला नीपचा शेवट कळतो, मग तो पुढचं कशाला वाचेल? काळनाथ काढून टाका. त्याची तुम्हाला गरजच नाही, कारण तुमच्याकडे बाप आहे. नदी वाहायला लागली की बाप जाणार, हे तुमच्या गोष्टीत पहिल्या पानापासून आहे आणि त्याबद्दल तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही. दारुकला बापाला मार्गी लावायचंय. नीपला काय हवंय? त्याला विचारलंय का कुणी?

अजून एक, वल्ह्याबद्दल. भाऊ वेगळे होताना खुणेची वस्तू ठेवतात ही फार जुनी रीत आहे. इजिप्तमधली अनपू आणि बाटा या भावांची कथा घ्या. तिचं पपायरस सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचं आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेलं. थोरल्याची बायको धाकट्यावर खोटा आळ घेते, थोरला भाला घेऊन दाराआड उभा राहतो, धाकटा पळतो. सूर्यदेव दोघांच्या मध्ये मगरींनी भरलेलं पाणी निर्माण करतो. रात्रभर एक या काठाला, एक त्या काठाला. उजाडल्यावर धाकटा पलीकडून सगळं खरं सांगतो. आणि जाताना म्हणतो, तुझ्या हातातली बीअर फसफसली की समज माझं काहीतरी झालं, मला शोधायला ये.

ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या ६० व्या कथेत हेच काम एक सुरी करते. फाट्यावरच्या झाडात ती रोवायची. जो भाऊ ज्या दिशेला गेला त्या बाजूचं पातं तो जिवंत असेतो चकचकीत, मेला की गंजणार. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा भावांच्या कथांना ३०३ हा क्रमांक आहे, इतक्या ठिकाणी त्या सापडतात. पण मला त्या सुरीतलं सगळ्यात आवडतं ते असं: एक भाऊ परत येऊन बघतो तर दुसऱ्याच्या बाजूचं पातं अर्धं गंजलेलं, अर्धं लखलखीत. भाऊ मोठ्या संकटात आहे, पण अजून वाचवता येईल. त्या अर्ध्या गंजावर पुढची सगळी गोष्ट चालते. तुमच्या वल्ह्याची अर्धुकी सध्या नुसतीच पाठीवर आहेत असं दिसतं. त्यांना कामाला लावा, आणि त्यांनी दिलेली बातमी अर्धवट असू द्या.

उलटटपाली

गोष्टीवेल्हाळ यांच्याशी फारकतीबद्दल सहमत. पण त्यांनी प्रकरणांच्या क्रमाला हातच घातला नाही, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तिथे आहे.

एक याचं, एक त्याचं अशी वाटणी केली की दर वेळी वाचकाला रंगात आलेलं ताट सोडून उठावं लागतं. शिवाय त्यात लपवायला काही उरत नाही. दोन्ही भाऊ कुठे आहेत, काय करतायत हे वाचकाला सतत माहीत. मग काळजी कसली करायची? नीपला नजरेआड करा. फाट्यानंतर बराच काळ फक्त दारुकबरोबर राहा आणि नीपची खबर दुसऱ्यांच्या तोंडून येऊ द्या. एखादा मेंढपाळ म्हणेल, तुझ्यासारख्याच चेहऱ्याचा एक जण डोंगरातून बाहेर आला होता, पाणी मागितलं आणि पुन्हा आत गेला.

संपाती आठवा. तो आणि जटायू दोघं भाऊ, तरुणपणी सूर्याकडे झेपावले. जटायू होरपळायला लागला तसं संपातीनं त्याच्यावर पंख धरले, स्वतःचे जाळून घेतले आणि विंध्यावर पडला. त्यानंतर भावाची गाठ नाही. पुढे सीतेच्या शोधात निघालेले अंगद-हनुमान वगैरे दक्षिण समुद्राशी हताश होऊन बसतात, बोलता बोलता अंगद जटायूच्या मरणाचा उल्लेख करतो, आणि वर बसलेल्या म्हाताऱ्या संपातीला भाऊ गेल्याचं तिथे कळतं. परक्यांच्या गप्पांतून. तो त्यांना खायच्या बेतात होता! मग तोच त्यांना सांगतो की सीता शंभर योजनांवर लंकेत आहे. एका भावाची बातमी ऐकली आणि दुसऱ्यानं मोहीम पुढे नेली. संपातीची इतकी वर्षं कशी गेली यावर स्वतंत्र प्रकरणांची माळ असती तर तो धक्का उरला असता का?

भरताचंही तसंच. चौदा वर्षं नंदिग्रामात राहिला, पण कथा त्याच्यापाशी फारशी थांबत नाही. तरी तो विसरला जात नाही, कारण त्यानं मुदत घालून ठेवली आहे: चौदा वर्षं भरली त्या दिवशी तू दिसला नाहीस तर मी अग्निप्रवेश करीन. परत येताना राम हनुमानाला पुढे पाठवतो आणि सांगतो की मी येतोय हे कळल्यावर भरताचा चेहरा कसा होतो ते नीट बघ. चौदा वर्षांनी रामालासुद्धा भावाच्या मनाची खात्री करून घ्यावीशी वाटते. वेगळ्या वाटांनी गेलेल्या दोन भावांबद्दल याहून खरं काही लिहायचं तर मला बुवा जमणार नाही.

गोष्टीवेल्हाळ

चेहरा बघायला सांगण्याचा भाग मलाही फार प्रिय आहे. पण नीपला नजरेआड करायला माझा विरोध. रानवाट यांचा जीव त्याच्यावर आहे, तो पडद्याआड गेला तर त्या ज्याच्यासाठी लिहितायत तेच जाईल. प्रकरणं कमी करा, लांबी असमान करा, पण त्याला आतून बघायची संधी सोडू नका.

रानवाट

काल हे सगळं वाचलं आणि दुसरं प्रकरण उघडून बसले. त्यात एक ओळ आहे: "रात्री नीप बापाशेजारी जाऊन बसला, आणि बापानं सरकून त्याला जागा करून दिली." लिहिताना ती सहज आली होती, पुढे तिचा मी काहीच उपयोग केला नाही.

त्या जगात सगळे समजतात की मेलेल्यांना काही कळत नाही. दारुकही तेच समजतो. पण बाप सरकला होता, आणि ते फक्त नीपनं पाहिलंय. जिवंतपणी बाप नावेवर दारुकला घेऊन जायचा, धाकटा घाटावर दोर सांभाळत राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा बापानं त्याला शेजारी जागा दिली ती मेल्यावर. हा मुलगा ती शिळा का हलवेल?

फाट्याचा प्रसंग नव्यानं लिहिलाय. कच्चा आहे, पण टाकते:

*"कड्यानं जाऊ," दारुक म्हणाला. "भुयारात कुठे निघू सांगता येत नाही."*

*नीप खाली बसून वहाणेचा बंद आवळत होता. एकदा आवळला, सोडला, पुन्हा आवळला.*

*"शिळा हलली की आबा लगेच जातील?"*

*"त्याच संध्याकाळी. सगळेच जातील."*

*"आणि त्यांना जायचं नसलं तर?"*

*दारुकनं त्याच्याकडे पाहिलं. "नीप, ते आबा नाहीत आता. त्यांना काही कळत नाही."*

*नीप उठला. सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, वाऱ्यानं कलले असतील. ते ऐकायची त्याची तयारी नव्हती.*

*"तू कड्यानं जा," तो म्हणाला. "मी आतून जातो. जो आधी पोचेल तो थांबेल."*

*"थांबेल कशाला? जो आधी पोचेल तो शिळा हलवेल."*

*"थांबेल," नीप म्हणाला. "शब्द दे, दादा."*

*दारुकनं शब्द दिला, कारण तान्ह्या पोरीचं त्यानंही नीपला सांगितलं नव्हतं.*

शेवटचं वाक्य लिहिता लिहिता सुचलं. दारुकला मुलगी झालेली आहे आणि ती झोपत नाही, दूध पचत नाही, दिवसेंदिवस वाळत चालली आहे. निघायच्या आदल्या रात्री वैदूनं त्याला एकट्याला सांगितलं की पुढच्या पुनवेपलीकडे ती निघणार नाही. नीपला पुतणीवर फार माया आहे. कळलं तर तो वेडापिसा होऊन घाई करेल आणि कड्यावरून पडेल, या भीतीनं दारुक गप्प राहतो. म्हणजे दोघांजवळ एकेक गोष्ट आहे.

काळनाथ गेला. थोडं जड गेलं, त्याच्या गुहेचं वर्णन मला आवडायचं.

काजवा

आता खरी मजा आली! पोरीचं तू अगदी योग्य जागी घातलंस. नीपला ते कळलं असतं तर मोहीम तिथेच मिटली असती, आणि दारुकला बाप सरकल्याचं कळलं असतं तर त्याचाही पाय अडखळला असता.

पण पुनवेची मुदत घातलीस तर आता दिवसांचा हिशोब चोख ठेवावा लागेल. मी डोंगरात बराच भटकतो म्हणून सांगतो. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो आजही वापरतात: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरना एक तास जास्तीचा. हा धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा वेग. दारुक ओझं घेऊन अनोळखी कड्यावर आहे, त्याला यापेक्षा बराच जास्त वेळ दे. दिवसाला किती उंची चढतो ते एकदा कागदावर मांड, नाहीतर तो एका प्रकरणात पंख लावल्यासारखा जाईल आणि पुढच्यात रखडेल.

दारुकच्या वाटेवर चंद्र ठेव. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, अमावस्येपासून अमावस्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. त्याची मुदत आकाशातच टांगलेली आहे, मान वर केली की दिसते. तारीख सांगायची गरजच नाही.

आणि नीपच्या वाटेवर चंद्र नाही! हे तू हातचं घालवू नकोस. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच संशोधक आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला होता. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबानं २० ऑगस्ट चालू होता. २५ दिवस त्याच्या हिशोबातून गळाले होते. माणूस काळोखात एकटा असला की दिवस असे निसटतात. नीप भुयारातून चालताना झोपा मोजत असेल, आणि त्या मोजणीवर त्याचा पूर्ण विश्वास असेल.

उलटटपाली

म्हणजे नीपला वाटेल की आपण वेळेच्या आधी पोचतोय, आणि दारुक तिकडे शिळेपाशी शब्द दिला म्हणून थांबलेला. वर पुनवेकडे सरकणारा चंद्र. हातातलं अर्धुकं ओलं व्हायला लागलं तर? भुयारात पाणी असणारच. भाऊ बुडतोय की नुसता ओढ्यातून चालतोय?

माझा नजरेआडचा हट्ट निम्मा सोडतो. नीपची प्रकरणं ठेवा, पण थोडी आणि आखूड. त्यांत दिवसरात्र असू नये, फक्त झोपा. वाचकाला दोन प्रकरणांची सांगड घालताना कळू दे की हिशोब जुळत नाहीये, भावांना कळायच्या बरंच आधी.

रानवाट

हे मी करणार. अर्धुकं ओलं होण्याचं तर जसंच्या तसं घेतेय. सुग्रीवानं फेसाळलेलं रक्त पाहिलं तसं दारुकच्या हातात ओलं लाकूड आहे, आणि त्यावरून त्याला ठरवायचंय की थांबायचं की शिळेला खांदा लावायचा.

शेवटाबद्दल माझं आता असं ठरतंय. तो थांबतो. पुनव उगवायला अगदी थोडा वेळ उरेपर्यंत थांबतो, मग शिळेला खांदा लावतो, आणि ती निम्मी सरकलेली असताना नीप भुयाराच्या तोंडातून बाहेर येतो. नीपला दिसतं ते एवढंच की दादानं शब्द मोडला. तलवारी नकोत. दोघं शिळेच्या दोन अंगांना, एक ढकलतोय, एक अडवतोय, आणि त्या धडपडीत एकेक गोष्ट तोंडून बाहेर पडते. आधी पोरीची, मग बाप सरकल्याची. या क्रमावर मी अजून घुटमळतेय. पोरीचं आधी आलं तर नीप हात काढून घेतो आणि बापाचं तो कधी सांगतच नाही. बापाचं आधी आलं तर दारुक हात काढतो आणि वेळ निघून जाते.

गोष्टीवेल्हाळ

पोरीचं आधी. आणि नीपनं नुसते हात काढून घेऊ नयेत, दारुकच्या बाजूला येऊन शिळेला खांदा लावावा. बापाचं त्यानं सांगायचं की नाही हे मात्र लिहिताना त्याच्यावर सोपवा. मला तो सांगणार नाही असं वाटतंय, पण तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं ओळखता.

रानवाट

मलाही तसंच वाटतंय, पण दोन्ही लिहून बघणार आहे. काजवा, दारुकच्या चढाचा हिशोब मांडून तुला पाठवते, तपासून दे. रोजची उंची आणि चंद्र उगवायची वेळ, दोन्ही लिहीन.